चाकांच्या घरातून इंग्लंडची खेडी

इंग्लंडला जाऊन आलेली आपली माणसे लंडनविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. आम्हीही आधी तेथेच गेलो. 10, किंग हेन्रीज रोड या घरात प. पू. बाबासाहेब 1921-22 च्या काळात विद्यार्थी म्हणून राहिले. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. त्या दारात उभे राहिल्यावर काय वाटते ते पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या आठ दिवसांविषयी.

आमची मुलगी तिकडे इस्पितळात परिचारिका आहे. तिने आणि जावयांनी रजा काढून एक मोटरहोम भाड्याने घेतली. ही गाडी साधारण आपल्या टेंपो ट्रॅव्हलरएवढी. आत दोन पलंग, दोन चुलींची शेगडी, पाण्याची टाकी, आणि कपाटाएवढ्या जागेत संडास. साडेतीन टनांपर्यंतची अशी गाडी तिकडे मोटारीच्याच परवान्यावर चालवता येते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. पण खेड्यातले रस्ते इतके अरुंद आणि दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडे इतकी उंच, की समोरून ट्रॅक्टर आला की जावईबापूंना घाम फुटे.

पहिला मुक्काम हर्टफर्डशायरमध्ये. तेथे लंडनच्या वायव्येला अमरावती नावाचा बौद्ध विहार आहे. आंध्रातल्या प्राचीन स्तूपाचे नाव असलेल्या या विहाराची स्थापना 1984 साली अजान सुमेधो या अमेरिकन भिक्खूंनी केली. भिक्खूंचे भोजन दुपारी बाराच्या आत होते, म्हणून सौ.ने पहाटे उठून गाडीतल्या शेगडीवर वरण-भात केला. तो दान दिला. गोऱ्या भिक्खूंच्या तोंडून पाली गाथा ऐकताना आमचे ओठ आपोआप हलू लागले. चाल वेगळी, शब्द आपलेच.

तेथून उत्तरेला निघालो. रात्री वाटेल तेथे गाडी लावून झोपता येत नाही, जागेच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून कॅम्पसाइट. शेतकऱ्याचे कुरण, त्यात आखलेल्या जागा, विजेची जोडणी, पिण्याच्या पाण्याचा नळ, आणि एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, मैला ओतायची जागा.

या कोपऱ्याविषयी लिहिलेच पाहिजे. गाडीतल्या संडासाखाली वीसेक लिटरची बंद पेटी असते. तिला कॅसेट म्हणतात. ती भरत आली की गाडीच्या बाहेरचे छोटे दार उघडून ओढून काढायची, त्या कोपऱ्यात नेऊन ओतायची, तेथल्या वेगळ्या नळाने विसळायची, औषध घालून परत बसवायची. हे काम करायला कोणी माणूस ठेवलेला नसतो. ज्याचे त्याने करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी भरली. जावई म्हणाले, "मामा, तुम्ही बसा, मी नेतो." आम्ही बसलो. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. तेवढ्यात शेजारच्या मोठ्या गाडीतून एक वृद्ध गोरे गृहस्थ सपाता घालून उतरले. हातात तशीच पेटी. आम्हाला "मॉर्निंग" म्हणाले आणि शीळ घालीत कोपऱ्याकडे गेले. ते निवृत्त डॉक्टर असल्याचे संध्याकाळी कळले.

आमच्या लहानपणी वस्तीत टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून मेहतर समाजातल्या एक मावशी यायच्या आणि आमचा मैला डोक्यावरून न्यायच्या. आम्ही बुद्धवंदना म्हणणारे, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणारे. पण त्या मावशींना आमच्या घरच्या पेल्यातून कोणी पाणी दिल्याचे आठवत नाही. त्यांचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली अधिक कडक झाला, तरी आजही गटारात उतरून माणसे मरतात. इंग्लंडातही झाडलोट करणारे कमी पगाराचे लोक आहेत, तेथे सर्व समान आहे असा आमचा भ्रम नाही. पण मैला ही आपली आपण उचलायची वस्तू आहे, त्याने कोणाची जात ठरत नाही, हे त्या कोपऱ्यात दिसले.

त्याच दिवशी मुलीने कागदावर पाळ्या लिहून कपाटाला चिकटवल्या. चौघांचीही नावे.

शेवटचे तीन दिवस हेफील्ड गावाजवळ होतो. हा पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ भाग. समोर किंडर स्काउटचे 636 मीटर उंचीचे पठार. पूर्वी ते जमीनदारांच्या ताब्यात होते. ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले, सामान्यांना बंदी. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर भागातले शेकडो तरुण कामगार हेफील्डहून निघाले आणि बंदी मोडून डोंगर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि 1951 साली पीक डिस्ट्रिक्ट हे तिकडचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. मोर्चा निघाला त्या जुन्या खाणीत स्मृतिफलक आहे.

तो वाचताना महाडची आठवण होणे साहजिक होते. चवदार तळे 1927, हे 1932. मुलगी म्हणाली, "बाबा, सारखेच की!" आम्हाला तसे वाटले नाही. त्या तरुणांना रविवारी मोकळा वारा हवा होता. आपल्या माणसांना घोटभर पाणी हवे होते, आणि पाणी घेतल्यावर तळे बाटले म्हणून शुद्धी झाली. किंडरचे पठार कोणी शुद्ध करून घेतले नाही. तरी त्या पोरांविषयी आदर वाटलाच. त्यांच्या वाटेने आम्ही चढलो. सौ. नऊवारीत, पायात मुलीचे बूट. अर्ध्यावर धुके आले आणि सर्व परतलो.

गाडी परत करताना पेटी रिकामी व धुतलेली द्यावी लागते, नाहीतर दंड. त्या सकाळी पाळी सौ.ची होती. जावई पुढे झाले तर तिने कागदाकडे बोट दाखवले, पदर खोचला, आणि पेटी उचलून चालू लागली. पिण्याच्या पाण्याची झारी घेऊन आम्ही मागोमाग नळाकडे गेलो.