पिकण्याची वाट

आमची आजी आयुष्याची अखेरची सहा वर्षे अंधारात जगली. रविवारच्या मिस्साला ती चर्चच्या पायऱ्या काठीने चाचपत चढे. त्यापूर्वी ती म्हणत असे, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात रे, डोकेही ठणकते." आम्ही घरचे शहाणे म्हणालो, "मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू." तो काचबिंदू होता. डॉक्टरांकडे नेले तेव्हा वेळ निघून गेली होती.

गेल्या वर्षी आमच्याच डोळ्यांत तोच दोष आढळला. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक छिद्र पाडून आमची दृष्टी राखली गेली. या उपचाराचे मूळ शोधता शोधता आम्ही बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांच्यापर्यंत पोहोचलो.

ग्रेफे यांचा जन्म १८२८ सालचा. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहता येऊ लागला. तरुण ग्रेफे यांनी ते साधन उत्साहाने हाती घेतले. त्यांच्या चिकित्सालयात गरिबांवर विनामूल्य उपचार होत. रंगीत पडद्याचा लहानसा तुकडा कापला की डोळ्यातील दाब उतरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १८५७ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया काचबिंदूवरील उपाय म्हणून मांडली. विशेषतः अकस्मात उसळणाऱ्या काचबिंदूत तिने अनेकांची दृष्टी वाचवली. तोवर अशा रोग्याला अंधत्वाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८७० मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

परंतु आमच्या मनात घर केले ते एका निराळ्याच गोष्टीने. काचबिंदूत दृष्टिमज्जेचे टोक फुगून वर येते, असे ग्रेफे यांना आरंभी वाटले होते. वास्तविक तेथे खळगा पडतो. हे उमगताच त्यांनी आपले मत स्वतःच दुरुस्त केले. एवढ्या मोठ्या माणसाला चूक मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही.

आम्ही मात्र आजीपुढे आमची चूक कधीच कबूल केली नाही. "देवाची इच्छा" म्हणून मोकळे झालो. आज ती कबुली येथे देत आहोत. वाचकहो, काचबिंदू पिकण्याची वाट पाहू नका. गेलेली दृष्टी परतत नाही, उरलेली राखता येते. हा रोग घराण्यात उतरतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासून घ्या. आमच्या धाकट्या बहिणीला आम्ही पुढच्याच आठवड्यात घेऊन गेलो.