औंढ्याचा माळ आणि आकाशातली जोडी

परभणीहून जिंतूरमार्गे औंढा नागनाथला निघाले की दोन्ही बाजूंना आपले ओळखीचे शिवार भेटते. काळ्या रानात सोयाबीन, कापूस, तूर. पाण्याची सोय असेल तिथे हळद. पुढे जमीन हलकी होते, टेकड्या लागतात. हा मुलूख 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, आता तो हिंगोलीत मोडतो. संत नामदेवांसाठी येथले देऊळ फिरले आणि नंदी मागे राहिला, ही आख्यायिका आपल्या घरोघरी ठाऊक आहे.

याच औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने 2016 साली तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. येथे दुर्बीण नसेल. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असतील; त्यांतील हवा काढून लेसरचा प्रकाश सोडायचा आणि टोकाच्या आरशांतील अंतर मोजायचे. आकाशातून गुरुत्वीय लहर आली की हे अंतर अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी पटींनी कमी असे बदलते. म्हणून जागा शांत लागते. रेल्वे, मालमोटारी, कारखाने यांची थरथर येथे कमी आहे. जुलै 2024 मध्ये या भागाला भूकंपाचा धक्का बसला होता. तशा वेळी असे यंत्र थांबते व पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

अशी पहिली लहर 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेत टिपली गेली. सूर्याच्या सुमारे 36 पट व 29 पट वजनाची दोन कृष्णविवरे सव्वाशे कोटी वर्षांहून आधी एकमेकांत मिसळली होती. गोंगाटातून असा सूर निवडून काढण्याच्या पद्धतीत पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर यांचे मोठे काम आहे.

आता खरा प्रश्न असा, की ही जोडी जमते कशी? कृष्णविवर म्हणजे प्रचंड ताऱ्याचा मरणोत्तर गाभा. दोन कृष्णविवरे फार दूर असतील तर विश्वाच्या आजवरच्या आयुष्यातही ती भेटणार नाहीत. जवळ जन्मली म्हणावे, तर जिवंतपणी ते तारे फुगून एकमेकांना गिळतील. मग ती इतकी जवळ आली कशी?

बैलजोडी दोन रीतींनी जमते. एक घरच्या गोठ्यात वाढलेली, दुसरी बाजारातून जमवलेली. येथेही तसेच आहे. पहिल्या रीतीत दोन तारे जन्मापासून सोबती असतात. एक आधी मरून कृष्णविवर होतो. पुढे दुसरा फुगतो, दोघे एकाच वायूच्या पांघरुणात फिरतात, घर्षणाने अंतर घटते, पांघरूण उडून जाते आणि जवळची जोडी उरते. दुसऱ्या रीतीत लाखो ताऱ्यांच्या दाट गुच्छात जड कृष्णविवरे मध्याकडे सरकतात आणि तेथल्या ओढाताणीत अनोळखी दोघांची गाठ पडते.

ओळखायचे कसे? घरच्या जोडीतील दोघांची गिरकी बहुधा एकाच दिशेची असते, जमवलेल्या जोडीची कशीही. वजनही साक्ष देते. 21 मे 2019 रोजी आलेल्या लहरीतील एक विवर सूर्याच्या सुमारे 85 पट होते. इतक्या वजनाचे विवर एका ताऱ्याच्या मरणातून होणे अवघड; कारण तसे तारे बहुधा काही मागे न ठेवता फुटून जातात. म्हणून ते आधीच्या एखाद्या मीलनातून झाले असावे, असा अनेकांचा कयास आहे. दोन्ही रीती चालत असाव्यात; प्रत्येकीचा वाटा किती, हे अजून ठरायचे आहे.

एका झाडावरून वाणाचा निकाल देता येत नाही, पुष्कळ झाडे पाहावी लागतात. येथेही पुष्कळ जोड्या हव्यात आणि त्या आकाशात नेमक्या कुठे आहेत हेही कळावे लागते. अमेरिका, इटली व जपानमधील यंत्रांपासून दूर असलेले औंढ्याचे यंत्र ती जागा अधिक नेमकी दाखवील.

आपल्या माळाची शांतता जगाच्या उपयोगी पडणार आहे. पण त्या यंत्रापाशी उद्या आपलीही मुले बसली पाहिजेत. मुलगा असो वा मुलगी, गणित-विज्ञानाची गोडी दिसली तर शिक्षण मध्येच तोडू नका. औंढ्याला दर्शनाला जाल, तेव्हा हा माळही त्यांना दाखवा.