हातोहात

आमच्या काटेवाडीत कुणाच्या घरी पाळणा हलला की बाळ बघायला आलेल्यांतलं एखादं जुनं माणूस ती गोष्ट काढतंच. साल १९४०. शारदाबाई पवार तेव्हा पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या. १९३८ मध्ये त्या बोर्डावर गेल्या होत्या. डिसेंबरात बोर्डाची बैठक लागली आणि बाईंच्या कुशीत तीन दिवसांचं पोर. बैठक पुण्याला, म्हणजे इथून शंभराहून जास्त किलोमीटर. बाई पोराला घेऊन गेल्या आणि बैठकीला बसल्या. ते पोर म्हणजे १२ डिसेंबरला जन्मलेले शरद पवार. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे, त्यामुळे तिला दंतकथा म्हणून बाजूला सारायची सोय नाही.

आमच्या घरी ती तात्यांनी सांगितली. तात्या म्हणजे माझे चुलतसासरे. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, खाटेवर पडलेली, कानाला घट्ट रुमाल, शेजारी दुपट्यात गुंडाळलेला नातू. तात्यांनी दारातच खुर्ची टाकली, डिंकाचा लाडू फोडला आणि म्हणाले, "त्या तिसऱ्या दिवशी पुण्याला गेल्या. आन् आताच्या पोरी महिना महिना खाटंवरनं उठत न्हाईत." लेकीनं पोराला दुसऱ्या कुशीवर घेतलं, बोलली काही नाही. मी चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हटलं, "तात्या, तवा त्यांच्या घरात माणसं किती व्हती, ते बी सांगा की."

तात्या हसले आणि चहा प्यायला लागले.

शारदाबाईंचं मोठेपण कमी करायला मी हे म्हटलं नव्हतं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिकलेली ही बाई. पुढे सात मुलगे, चार मुली, शेती आणि त्यात लोकल बोर्ड. बाळंतिणीची सोयेर फिटेपर्यंत जिथं तिचा स्पर्शही चालत नसे, त्या काळात तिसऱ्या दिवशी बाहेर पडून पुरुषांच्या बैठकीत जाऊन बसणं म्हणजे काय, हे आज आपल्याला नीट कळणारही नाही. माझ्या मते धाडस प्रवासाचं नव्हतंच, त्या बसण्याचं होतं. पण गोष्टीचा एक भाग कुणीच सांगत नाही. शरदरावांच्या आधीची भावंडं घरी होती. त्यांच्या भाकरी कुणी थापल्या, पोरींच्या वेण्या कुणी घातल्या, धारा कुणी काढल्या? कुणीतरी हे केलंच असणार. ती माणसं गोष्टीत नाहीत.

माझं लक्ष हल्ली त्या माणसांवर जातं, कारण आता मी त्यांच्यातली झाले आहे.

आमच्याकडे न्हाऊ घालायला मावशी येतात. वय विचारलं तर "चांगलं दुष्काळाच्या आधीचं" म्हणतात, म्हणजे बहात्तरच्या. आल्या की आधी चूल बघतात. गिझरच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नाही. पाणी बंबातलंच पाहिजे. मग न्हाणीत पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे, नडग्यांच्या मधल्या खाचेत पोर पालथं घालायचं, आणि कोमट तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत फिरवायचा. पोर पहिल्यांदा किंचाळतं, मग कुरकुरतं, मग नुसतं ऐकत राहतं. मावशी सगळा वेळ त्याच्याशी बोलत असतात, तेही मोठ्या माणसाशी बोलावं तसं: ऊस कुणाचा तुटला, कुणाची गाय आटली, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर सगळा गाव जगतो, तर पोराला त्याची माहिती आत्तापासून असावी, असं त्यांचं म्हणणं असावं. टाळू भरतात, नाक ओढू नका म्हटलं की "बरं" म्हणतात आणि हळूच ओढतात. पोर पंच्यात येईपर्यंत त्याचे डोळे मिटलेले असतात. त्यानंतर धुरी. ओवा, वावडिंग, लसणीची सालं निखाऱ्यावर टाकायची आणि बाळंतिणीनं वर बसायचं. बारामतीच्या बालरोगतज्ज्ञांनी धूर बाळाच्या छातीला वाईट म्हणून बंद करायला सांगितलं. आम्ही केली. मावशी दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग शेक तरी द्यायचा का तोबी डॉक्टर देणार?" शेक चालू आहे.

गुटीचं तसंच झालं. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ, खारीक, बदाम सगळं एका पुरचुंडीत बांधून मी सहाणेशेजारी ठेवलं होतं. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं आरोग्य विभागाच्या आशाताईंनी बजावून सांगितलं. पुरचुंडी मी वर ठेवून दिली. टाकली मात्र नाही.

या आशाताईंचं मला फार कौतुक वाटतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ बघायचं असतं. थंडीत, उसाच्या ट्रॉल्यांतून वाट काढत त्या येतात. पिशवीतून काटा काढतात, पोराला झोळीत घालून वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, घड्याळ हातात धरून श्वास मोजतात. मिनिटाला साठ किंवा वर गेले तर दवाखाना. पहिल्या आठवड्यात पोराचं वजन थोडं उतरलं तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली. आशाताई म्हणाल्या, उतरतंच, दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. आलं.

पाचवीला पाटा-वरवंटा धुऊन मांडला, शेजारी कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येऊन पोराच्या कपाळी लिहिते. माझ्या भाच्यानं पेनाचं टोपण काढून ठेवलं, तिला उघडता आलं नाही तर घोळ नको म्हणून. सकाळी कागद कोराच होता. तो तसा असायचा असतो. पण त्याच घरात दुसरे कागद भराभर भरत होते: माता-बाल संरक्षण कार्डावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बच्या पहिल्या डोसांच्या नोंदी, एकवीस दिवसांच्या आत करायची जन्मनोंद, लेकीच्या कंपनीचा रजेचा फॉर्म. सटवाई नशीब लिहीत असेल, मला नाकारायचं नाही. पोर झोपेत हसलं की ती त्याला खेळवते असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्या वेळी पोराचं तोंड बघितलं की दुसरं काही सुचतही नाही.

रात्रीचं मात्र कुणाच्या देवीनं हलकं केलेलं मी पाहिलेलं नाही. पोराला दिवस-रात्र कळत नाही. दोन वाजता उठतं आणि घर उठवतं. पण आमच्याकडे शेतीची लाईट कितीदा रात्रीचीच असते, आणि ह्यांना दारं धरायला त्याच वेळेला निघायचं असतं. मग हे कानटोपी चढवून, बॅटरी खिशात घालून तयार होतात आणि जाण्याआधी पोराला खांद्यावर घेऊन ओसरीत येरझाऱ्या घालतात. मोटार चालू करायला उशीर झाला तरी चालतो. माझ्या लेकीच्या वेळी ह्यांनी तिला क्वचितच उचललं होतं. तेव्हा घरात सासूबाई होत्या, जावा होत्या, पुरुषानं चारचौघांत पोर घेणं बरं दिसत नसे. आता जावा बारामतीत आणि पुण्यात फ्लॅटमध्ये आहेत, सासूबाई नाहीत. हात कमी झाले तेव्हा पुरुषांचे हात मोकळे झाले, ही काही फार अभिमानाची गोष्ट नाही, पण झालं ते बरं झालं. रस्त्यावरनं भवानीनगरकडे उसाचे ट्रॅक्टर जात असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, आणि कर्ण्यावर गाणी इतकी मोठी की खिडकीच्या काचा थरथरतात. त्या आवाजात पोर गाढ झोपतं. भांड्यावर चमचा पडला की दचकून रडतं. याला काय म्हणावं?

आमचा ऊस तुटायला आला तेव्हा टोळी मराठवाड्यातून आलेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. बांधावरच्या बाभळीला एका साडीची झोळी बांधलेली दिसली. आत आमच्या नातवाएवढंच, कदाचित थोडं लहान पोर. त्याची थोरली बहीण, सहा-सात वर्षांची, झोळीची दोरी ओढत होती. आई सरीत वाकलेली. मी विचारलं, "किती दिवस झाले बाई?" ती म्हणाली, "सवा महिना व्हायचाय अजून." उचल घेतलेली, एक दिवस काम थांबलं की खाडा पडतो आणि तो अंगावर येतो. पहाटे तोडायला सुरुवात, मग मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉली भरायची, रात्री कोपीत चूल. मी घरी येऊन लाडवांचा डबा घेऊन परत गेले. तिनं एक खाल्ला, बाकीचे पदरात बांधले. त्या दोरी ओढणाऱ्या मुलीनं शाळेत असायला हवं होतं, हे मला कळत होतं, तिच्या आईलाही कळत होतं. दोरी सोडली असती तर पोर रडलं असतं.

माझ्या लेकीला पगारी रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात. आधी १२ होते. जावयाला तसा कायदा नाही. केंद्र सरकारी नोकरांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगीतल्यांनी मालकाच्या मर्जीवर राहायचं. तो शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी पोराकडे बघत बघत गाडीत बसतो. बाकी दिवस फोनवर तोंड दाखवतो, आणि पोर त्या फोनच्या उजेडाकडे बघतं. आणि झोळीवाल्या बाईला यातलं काहीही नाही. तिला कुणी तात्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगत नाहीत. तिनं ती न ऐकताच केलेली असते.

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. सगळीकडे फोटो आले, कौतुक झालं, विधिमंडळात हिरकणी कक्ष झाला. चांगलं झालं. तरी मला त्या नावाचं हसू येतं. रायगडाचा कडा उतरून घरी पोचलेल्या बाईचं नाव खोलीला द्यायचं आणि कडा तिथंच ठेवायचा, अशी आपली रीत. बाईनं पराक्रम केला की आपण टाळ्या वाजवतो. तिला पराक्रम करावा लागू नये म्हणून कुणी पोर धरायला उभं राहिलं, तर त्याचा फोटो निघत नाही.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येईल. इथं परीट मंडळी पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगरांच्या मेंढ्या रथाभोवती धावत रिंगण घालतात. गर्दी एवढी होते की आपली माणसं आपल्याला सापडत नाहीत. तेव्हा नातू सहा महिन्यांचा झालेला असेल. त्याचं उष्टावण त्याच सुमारास करायचं चाललंय, लेकीची रजाही तेव्हाच संपते. तिनं परत गेल्यावर पोर कुणाजवळ राहणार, यावर घरात रोज बोलणं होतं आणि रोज ते स्वयंपाकघरात येऊन थांबतं. मी जाईन पुण्याला, असं मी सांगितलंय. ह्यांच्या भाकरीचं काय, असं तात्या म्हणाले. ह्यांना मी भाकरी थापायला शिकवते आहे. पहिल्या भाकरीला म्हशीनंही तोंड लावलं नसतं, पण परवाची फुगली.

तोवर बाळ बघायला जरूर या. सकाळी दहानंतर या, मावशी तोवर आटोपून गेलेल्या असतात. सर्दी असेल तर पुढच्या आठवड्यात या. झबली-टोपरी आणू नका, कपाटात मावत नाहीत. त्याऐवजी घरनं भाजी-भाकरी बांधून आणलीत तर चालेल. आल्यावर हात साबणानं धुवा, नाक कुणावर गेलंय ते एकदा ठरवून टाका, मग पोर मांडीवर घ्या आणि लेकीला म्हणा, जा, तासभर झोप. पोर भुकेनं रडलं तरच तिला उठवा.