पुढच्या सीटवरचे गुरू

टायगर मॉथ या विमानात शिकवणारा पुढे बसतो आणि शिकणारा मागे. त्यामुळे ज्यांचं ऋण मी सर्वांत जास्त मानते, त्यांचा चेहरा मला हवेत कधी दिसलाच नाही. दिसायची ती चामडी टोपी आणि वाऱ्यानं फडफडणारी कॉलर. नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये होते, चाळिशी ओलांडलेली; ते सत्तरीपुढचे. केंब्रिजच्या बाजूला एका गवताच्या धावपट्टीवर त्यांनी मला उडायला शिकवलं.

पुढची जागा अडचणीची. वरचा पंख आणि त्यातली पेट्रोलची टाकी थेट डोक्यावर. 1931 साली डी हॅविलंड कंपनीनं हे विमान घडवलं, तेव्हा प्रसंग पडल्यास पुढच्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला आणि तोल साधायला पंख मागे झुकवले. त्याची ती देखणी, तिरकी ठेवण शिकवणाऱ्याच्या काळजीतून आलेली आहे, हे कळल्यापासून ते मला आणखीच आवडू लागलं.

इंजिन 130 अश्वशक्तीचं, ब्रेक नाहीत, सुरू करायचं ते हातानं पंखा फिरवून. टायगर मॉथ उडवणं सोपं, चांगलं उडवणं कठीण, असं वैमानिक म्हणतात ते खरं आहे. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या झडपा, फक्त खालच्या पंखांना. वळताना नुसती दांडी कलवली की नाक उलट्या बाजूला ओढलं जातं आणि वारा एकाच गालावर येऊन आपटतो. बंद काचेच्या विमानात जी चूक तबकडीवर शोधावी लागते, ती इथे कातडीला कळते. “पाय कुठे आहेत तुझे?” बोलायच्या नळीतून आवाज यायचा, आणि मी रडर दाबायची.

स्पिनची, म्हणजे विमान गिरक्या घेत कोसळण्याची, मला धास्ती होती. एका सकाळी भरपूर उंचीवर नेऊन ते म्हणाले, “आता तूच घाल.” दांडी पोटाशी, रडर पूर्ण दाबलेलं. नाक कोसळलं, खालची शेतं भोवऱ्यासारखी फिरू लागली. तेवढ्यात मला त्यांचे दोन्ही हात दिसले, कॉकपिटबाहेर, कडेवर ठेवलेले. विमान माझ्याकडेच होतं. उलटं रडर, क्षणभर थांबून दांडी पुढे. शेतं थांबली, मी विमान सावकाश वर काढलं. नळीतून एकच शब्द आला: “परत.”

उतरल्यावर विमानावर उडालेलं तेल पुसता पुसता ते मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरींबद्दल बोलायचे. विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवू नका, धोक्यात नेऊन त्यातून बाहेर पडायला शिकवा, हा धडा स्मिथ-बॅरींनी 1917 साली गॉस्पोर्टच्या उड्डाणशाळेत घालून दिला. आमची बोलायची नळीही तिथलीच, म्हणून ती गॉस्पोर्ट ट्यूब. माझ्या गुरूंना ज्यांनी शिकवलं, त्यांनी दुसऱ्या महायुद्धात याच विमानावर पोरं तयार केली होती. त्यातली बरीच परतली नाहीत. ते सांगताना गुरूंचा हात पुसायचा थांबे.

ऋषिऋण शिकवूनच फिटतं, असं आपल्याकडे मानतात. पुढे मीही प्रशिक्षक झाले. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीला पहिल्या स्पिनसाठी वर नेलं आणि हात बाहेर ठेवले. ते दांडीकडे धावू नयेत म्हणून मला कड घट्ट आवळून धरावी लागली. संध्याकाळी गुरूंना फोन करून विचारलं, “तुम्हीही अशीच धरायचात?”

“प्रत्येक वेळी,” ते म्हणाले.