‘चालू आहे’

जुनी वस्तू विकणाऱ्याला ‘चालू आहे का?’ असे विचारले तर तो ‘चालू आहे’ असेच सांगणार. त्यात तो दरवेळी खोटे बोलतो असे नव्हे. त्याच्या टेबलावर ती चालूच असते. पण किती वेळ, कुठे आणि कुणासाठी, हे ज्याचे त्याने पाहायचे.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून त्यांवर लिनक्स आहे. इंटरनेटच्या वायरी उंदीर कुरतडतात, म्हणून संगणकाच्या पेटीत बसणारी वायफाय कार्डे घ्यायचे ठरले. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या वर्गणीत नवी येईनात. तेव्हा बंगळूरच्या एस. पी. रोडवरून चौदा वापरलेली कार्डे आणवली. बोली एवढीच, की नादुरुस्त निघाल्यास सात दिवसांत पैसे परत.

सात दिवस म्हणजे शाळेच्या घंटा वगळून सात संध्याकाळी. आमचे विज्ञान शिक्षक आणि मी बसलो. पेटीची वीज तोडायची, लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची, मगच कार्ड खाचेत बसवायचे. तिघांची तर संगणकाने ओळखच दाखवली नाही. त्यांच्या सोनेरी कडा पेन्सिलीच्या खोडरबराने घासल्यावर एक जागे झाले. (खोडरबराचा इतका सदुपयोग आमच्या शाळेत प्रथमच झाला असावा.) उरलेली दोन गेलेलीच होती.

ओळख पटली तरी नाव खरे असेलच असे नाही. कार्डावरच्या कागदी चिठ्ठीपेक्षा आतली चिप काय म्हणते ते पाहावे; लिनक्समध्ये एका छोट्या आज्ञेने ते कळते. ॲथेरॉसच्या चिपा असलेली कार्डे काही न सांगता कामाला लागली. दुसऱ्या एकावर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे छापलेले, आत मात्र एकच! ते बाजूला ठेवले.

वेग मोजताना इंटरनेटवरून मोजू नये. त्यात आपल्या लाइनीचा वेग कळतो, कार्डाचा नव्हे. आम्ही राउटरला वायरने जोडलेल्या एका संगणकावरून मोठी फाइल उतरवून घेत होतो, आणि तीही पेटी बंद करून. उघड्या पेटीत कार्ड गार राहते आणि शहाण्यासारखे वागते. एक कार्ड बंद पेटीत चाळीस मिनिटे उत्तम चालले आणि मग दर दोन मिनिटांनी तुटू लागले. दुकानदाराच्या टेबलावर त्याला चाळीस मिनिटे कोण देणार?

खरी परीक्षा सहाव्या दिवशी झाली. रिकाम्या कक्षात शेवटच्या संगणकाला उणे ६० च्या आसपास संकेत मिळत होता. (हा आकडा उणे ५० असला तर उत्तम, उणे ८० म्हणजे कसेबसे.) चाळीस मुले आत बसवली आणि तोच संकेत उणे ७० च्या पलीकडे घसरला. माणसाच्या अंगात पाणी फार, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. त्यातून अँटेना पेटीच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात. दोन कार्डांच्या अँटेना काढून वायरवाल्या अँटेना जोडल्या आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवल्या, तेव्हा मागच्या बाकावर पान उघडू लागले. त्या बाकावर दूरच्या वाडीवरून चालत येणाऱ्या मुली बसतात; त्यांच्या घरी संगणक नाही. पुढच्या बाकावरचे पान उघडते, म्हणून कक्ष चालू आहे असे म्हणायला मी तयार नव्हतो.

चार कार्डांचे पैसे दुकानदाराने विनातक्रार परत केले. वाद झाला पाचव्यावरून. ते ११ मेगाबिटचे, १९९९ सालच्या मानकाचे. दोन संगणकांत जुनी पीसीआय खाच होती, तिच्यात ते बसलेही. पण त्याला डब्ल्यूईपी ही जुनी कुलूपपद्धतीच तेवढी येत होती, आणि तिच्यातली भगदाडे २००१ सालीच उघड झाली आहेत. एका कार्डासाठी साऱ्या शाळेच्या जाळ्याचे कुलूप कच्चे करायचे कसे? फोनवर दुकानदार म्हणाला, ‘‘सर, ते तर चालू आहे!’’

‘‘चालू आहे हो,’’ मी म्हटले, ‘‘पण मुलांच्या हाती द्यायला नको.’’

तो थोडा थांबला. पैसे परत करायला तयार झाला नाही. नादुरुस्तीची बोली होती आणि कार्ड नादुरुस्त नव्हते, तेव्हा त्याचेही चूक म्हणता येत नाही. ते कार्ड आता विज्ञानाच्या कपाटात आहे. चिप कशी दिसते हे दाखवायला उपयोगी पडते. दहाव्या संगणकाला अजून वायरच आहे. तिच्यावर लोखंडी नळी चढवली आहे.