माझं गाव, मुलांचे प्रश्न

शाळेत ‘संस्कृती’ म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. मुलांना फेटे बांधायचे, मुलींना नऊवारी नेसवायची, एक कोळीगीत, एक लावणी आणि शेवटी फोटो. मुलं खूश असतात, पालकही. पण त्या दिवशी कोणी कोणाला काही विचारत नाही. दुसऱ्याच्या घरी काय शिजतं, पाणी कुठून येतं, आई लेकराला कोणत्या शब्दांनी हाक मारते, यातलं काहीच त्या स्टेजवर येत नाही.

मी लातूर जिल्ह्यातला. गेली अकरा वर्षं सिंधुदुर्गातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. (बदलीचा अर्ज किती वेळा भरला ते विचारू नका.) आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय निघाला, की शनिवारी मुलांशी एखाद्या वेगळ्या भागातल्या जगण्याबद्दल कोणी बोलेल का. पाहुणा कुठून आणायचा, त्याचं मानधन कोण देणार, अशी चर्चा सुरू झाली. मी हात वर केला. म्हटलं, पाहुणा कशाला, मीच की वेगळ्या भागातला! मग ठरलं. भाषण करायचं नाही. चाळीस मिनिटं, आणि त्यातली निदान तीस मुलांच्या प्रश्नांची. आमच्या शाळेत झाल्यावर केंद्रातल्या आणखी दोन शाळांतही गेलो.

पहिलाच प्रश्न आला, “गुरुजी, तुमच्याकडे समुद्र नाय? मगे पाऊस खंयसून येता?”

पावसावर आम्ही बराच वेळ रमलो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लातूरला सातशे-आठशे. हे आकडे चौथीच्या मुलांना काहीच सांगत नाहीत. म्हणून बाकावर बाक ठेवला, टेप घेतली आणि भिंतीवर खडूने खूण केली. तीन मीटर. पार दाराच्या चौकटीच्या वर. मग दुसरी खूण, लातूरची. ती एका मुलाच्या कमरेच्या जरा वर आली. तो पोरगा त्या खुणेला टेकून कितीतरी वेळ उभा होता.

मग घरांवर गाडी आली. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. उन्हाळ्यात त्यावर झोपायचं, धान्य वाळवायचं. “गळत नाय?” असं चौघांनी एकदम विचारलं. कौलारू उतरत्या छपराखाली वाढलेल्या मुलांना हे नवल वाटणारच. पाऊस किती, त्यावर छपराचा उतार ठरतो, हे मी सांगायच्या आत एका मुलीने भिंतीवरच्या दोन खुणांकडे बोट दाखवून सांगितलं. किल्लारीचा भूकंप मीही टाळला नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं ते जड माळवद. थोडक्यात सांगितलं, मुलांनी नीट ऐकलं. चांगलं तेवढंच सांगायचं, हे मला पटत नाही.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, हे ऐकल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागून एक आवाज आला, “आमची बावडीपण मे म्हयन्यात आटता.” भिंतीवर तीन मीटरची खूण, आणि तरी विहीर कोरडी! मग पाणी जातं कुठं? “व्हाळान जाता समुद्रात.” तो तास माझ्या गावाचा होता, पण उत्तर त्यांच्या गावाचं निघालं.

येळवशीची गोष्ट त्यांना फार आवडली. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करायची, पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची, मग आंबील, भज्जी, उंडे. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावायचं. “आणि मासे?” नाहीत. यावर जी हळहळ व्यक्त झाली, ती मी गावी आईला फोनवर सांगितली.

आता खरा मुद्दा. बोलताना माझ्या तोंडून आपसूक आमच्याकडचं “काय करलालास?” निघालं. मुलं खो-खो हसली. मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. काय करलालास. काय करतंस. काय करतोस. एक माझ्या घरची, एक त्यांच्या घरची, एक पुस्तकातली. एकाने विचारलं, “गुरुजी, ह्या पण अशुद्ध?”

त्या ‘पण’मध्ये सगळं आलं. त्याचं बोलणं अशुद्ध आहे हे त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, माझी आई जन्मभर असंच बोलते आणि तिचं कुठंच काही अडलं नाही. मग शब्दांचा पाऊसच पडला. एरवी काहीही विचारलं की “माका येणा नाय” म्हणून खाली बघणारी एक मुलगी उठली आणि भात लावणीतले शब्द एकामागून एक सांगत गेली. मला निम्मे कळले नाहीत. ती थांबून मला अर्थ सांगत होती.

एका पालकांनी नंतर गाठून विचारलं, “गुरुजी, मालवणी घरात असाच. शाळेत प्रमाण मराठी नको?” त्यांची काळजी रास्त आहे. पुढे परीक्षा पुस्तकाच्याच भाषेत असतात. त्यांना उत्तर मी दिलं नाही, ते दुसऱ्या एका पालकाने दिलं, तेही नकळत.

हे पालक थंडीच्या दिवसांत जत्रांमधून दशावतारात काम करतात, एरवी शेती. त्यांना बोलवायला गेलो तर म्हणाले, “मी सातवी शिकलेलो, शाळेत येवन काय सांगू?” तीनदा जावं लागलं. आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. मुलांनी विचारलं, संवाद पाठ कसे करता? ते म्हणाले, लिहिलेलं काहीच नसतं. नाटकाआधी कथा ठरते, कोणी कधी यायचं ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर सुचतं. मग “राजा कसा बोलता?” असं कोणी विचारल्यावर ते उठले आणि जे अस्खलित, ग्रांथिक मराठी सुरू झालं, की मी वही बाजूला ठेवली. लगेच विनोदी पात्र झाले, ते ठसठशीत मालवणीत. एकाच माणसाकडे दोन्ही भाषा, आणि कुठली कधी काढायची हे पक्कं ठाऊक. त्यांचा मुलगा पहिल्या बाकावर होता. वडील रात्रभर कुठे जातात हे त्याने आजवर वर्गात कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वडिलांना गेटपर्यंत सोडायला तोच गेला.

आपल्यापैकी कोणाला हे करायचं असेल तर माझा एकच आग्रह, सांगणाऱ्याने पाच-सात मिनिटांत थांबावं. पीपीटी नको, बॅनर नको. आणि घरातली माणसं यायला कचरतात, तेव्हा आधी शिक्षकानेच आपलं घर उघडावं.

पुढच्या शनिवारी एका मुलीची आजी येणार आहे, आमसुलं कशी करतात ते सांगायला. खरं तर हे मे महिन्यात प्रत्यक्ष बघायचं, पण तेव्हा शाळेला सुट्टी. आजींनी अट घातली आहे, फोटो काढायचे नाहीत. मी कबूल केलंय.