पेटी काढली, पेटी बसवली

गोव्यात पेटी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती भजनाची. देवळाच्या चौकात सतरंजीवर ठेवलेली, भाता मारताना किंचित करकरणारी. त्यामुळे फोंड्याकडचे काही गॅरेजवाले मोटारीच्या ईसीयूला 'पेटी' म्हणतात तेव्हा गंमत वाटते. खरे नाव इंजिन कंट्रोल युनिट. कुणी 'कॉम्प्युटर' म्हणतो, कुणी 'ब्रेन'. मला पेटीच बरी वाटते. का, ते पुढे येईलच.

मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस, सरकारी खात्यात यूडीसी. यंत्रातले मला समजते ते कचेरीच्या भाषेत. इंजिनभर निरनिराळे सेन्सर बसवलेले असतात. कुणी पाण्याचे तापमान कळवतो, कुणी हवेचा दाब, कुणी क्रँकशाफ्ट कुठवर फिरला ते. ही सगळी टिपणे पेटीच्या टेबलावर येतात आणि ती हुकूम काढते : इंजेक्टर इतका वेळ उघडा, ठिणगी आता पाडा. इंजेक्टर उघडा राहतो तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा. एवढ्या वेगाने आमच्याकडे फाईल हलली असती तर... असो.

ही कल्पना तशी जुनी आहे. बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० साठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आणले. आपल्याकडे १९८३ची मारुती ८०० कार्बोरेटरवर आली. पुढे २००० पासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बोरेटर मागे पडला आणि त्याच्या जागी ही पेटी आली. कार्बोरेटर उघडला की जेट दिसायचे, फ्लोट दिसायचा, फुंकर मारून चोंदलेले भोक मोकळे करता यायचे. पेटीत डोळ्यांना काही दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच, माझे मत विचाराल तर, तिच्यावर सगळ्यांत आधी आळ येतो.

आमची गाडी २००९ची, लहानशी, पेट्रोलची. गेल्या आषाढात तीन दिवस नुसता ओतत होता आणि चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. स्टार्टर छान फिरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हते. दिवस मंगळवारचा. आमच्या भाईंना (म्हणजे वडिलांना) मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावे लागते. त्या दिवशी टॅक्सी केली. जाण्यायेण्याचे भाडे लिहीत नाही. गोव्यातल्या वाचकाला ते सांगायची गरज नाही.

गाडी टो करून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला. स्कॅनर पेटीशी बोलू पाहतो, पेटी उत्तर देत नाही. निदान पाच मिनिटांत झाले : ईसीयू गेला. नवा मागवायचा, तो गाडीच्या इमोबिलायझरशी जुळवून घ्यायचा, सगळे मिळून २८ हजार आणि आठ-दहा दिवस. जुनी पेटी दुसऱ्या गाडीतून काढून लावता येईल का, असे मी विचारले. नुसती लावून चालत नाही. किल्लीतला कोड आणि पेटीतला कोड जुळला नाही तर गाडी चोराच्या हाती आहे असे समजून पेटी इंजिन चालूच करू देत नाही. हे त्यांनी खरे सांगितले. पण आठ-दहा दिवस म्हणजे डायलिसिसच्या दोन-तीन खेपा, आणि २८ हजार म्हणजे २८ हजार. मी गाडी उचलून आमच्या जुन्या मेस्त्रींकडे नेली.

मेस्त्री साठीच्या पुढचे, कार्बोरेटरच्या काळातले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. किल्ली फिरवली आणि स्टार्टर न मारता नुसते बसून राहिले. "पळयात, चेक इंजिनाचो दिवो लागना," म्हणाले. किल्ली ऑन केली की तो पिवळा दिवा लागायला हवा, आणि मागे पेट्रोलच्या पंपाचा दोन-तीन सेकंद घुंऽऽ असा आवाज यायला हवा. दोन्ही नव्हते. "पेटी जाप दिना म्हणून ती मेली अशें न्हय. तिका जेवण पावता काय ना, तें पयलीं पळोवया."

मग पेटी काढायचे काम सुरू झाले. मी स्टुलावर बसून पाहत होतो, भाई गाडीतच, मागच्या सीटवर. आधी बॅटरीची मायनसची तार १० नंबरच्या पान्याने सोडवली आणि मेस्त्री सरळ चहाला गेले. हा आळस नव्हे. तार काढल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा असतो, आत साठलेली वीज उतरून जाते. परत आल्यावर ग्लव्ह बॉक्स उतरवला. त्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, डायरीएवढी ॲल्युमिनियमची पेटी. हात लावण्याआधी त्यांनी गाडीच्या उघड्या लोखंडाला बोटे टेकवली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. देवाला स्पर्श करून पेटीला बसणारे भजनी आठवले. मोबाईलवर फोटो काढायला मला सांगितले : कुठली वायर कुठून गेली, कुठला कनेक्टर कुठे. कनेक्टरचे लॉक बोटाने दाबून तो अंगाला धरून ओढायचा, वायरींना धरून कधीही नाही. "वायर तुटली जाल्यार सोदूंक दोन दीस."

कनेक्टर सुटला आणि कारण समोर आले. काही पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. पाणी शिरले होते. पेटीचे चार स्क्रू काढून आतही पाहिले. आतला बोर्ड कोरडा, त्यावरचा पारदर्शक लेप शाबूत, जळका वास नाही. मग बॅटरी परत जोडून त्यांनी कनेक्टरवर बल्बची तपासणी केली. बल्बची एक तार पेटीकडे येणाऱ्या प्लसच्या वायरला, दुसरी गाडीच्या बॉडीला : बल्ब लागला. दुसरी तार पेटीच्या स्वतःच्या अर्थच्या वायरला लावली : अंधार. म्हणजे जेवण येत होते, परतीची वाट बंद होती. ती अर्थची वायर खाली पायाशी जिथे बोल्टने बॉडीला जोडलेली, तिथे गंजाचा पापुद्रा.

भाई इतका वेळ गप्प होते. त्यांनी तीस-पस्तीस वर्षे गावच्या भजनात पेटी वाजवली आहे. ते म्हणाले, "एक सूर लागलो ना म्हणून पेटी कोण उडयता रे? सूर काडपाचो, झाडपाचो, परत बसोवपाचो." मेस्त्री हसले. मी हसलो नाही, मनात २८ हजारांचा हिशेब चालू होता.

पिना साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि मऊ टूथब्रश. पॉलिश पेपर पिनांना लावायचा नाही, वरचा मुलामा निघतो. पेटी तांदळात ठेवूया का, असे शेजारच्या गॅरेजवाल्या पोराने सुचवले, तर त्याला मेस्त्रींनी घरी जेवायला जा म्हणून सांगितले. अर्थचा बोल्ट मात्र पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, गंजलेले टोक कापून नवे लावले, वर थोडे ग्रीस.

बसवणे हे काढण्यापेक्षा हळू चालते. बॅटरी पुन्हा सुटी. कनेक्टर सरळ धरून, एकही पिन वाकणार नाही असा आत सरकवायचा, लॉक 'कट्' वाजेपर्यंत. वायरींना खाली एक झोका दिला, म्हणजे पुन्हा पाणी आलेच तर ते झोक्यावरून खाली गळेल, कनेक्टरात शिरणार नाही. प्लस आधी, मायनस शेवटी. किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, मागून घुंऽऽ आले. दुसऱ्या फिरवणीला इंजिन सुरू. आरपीएम वरखाली होत होता. बॅटरी काढल्यावर पेटी शिकलेले थोडे विसरते, दोन-तीन दिवस चालवली की स्थिरावते. तसेच झाले.

पाणी आले कुठून? काचेखाली, वायपरच्या जवळ, पाणी निघून जायची पन्हळ असते. तिची भोके आमच्या दारातल्या बकुळीच्या, म्हणजे ओवळांच्या, पानाफुलांनी गच्च भरली होती. पाण्याने दुसरी वाट धरली, थेट पेटीवर. झाड आजीने लावलेले, ते तिथेच राहणार. पन्हळ आता दर पंधरवड्याला साफ होते.

एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत पेट्या वाढल्या, त्या आपसात बोलतात, आणि तिथे मेस्त्रींच्या बल्बची मजल फार नाही. हे तेच सांगतात. त्यांचा पुतण्या आता लॅपटॉप घेऊन बसतो. पण तोही आधी अर्थ तपासतो.

हिशेब त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिला : स्प्रे, वायर, मजुरी, एकूण १,४५० रुपये. मी १,५०० दिले. त्यांनी ५० परत केले आणि भाईंना विचारले, शुक्रवारी किती वाजता निघायचे असते. सहाला, भाई म्हणाले. शुक्रवारी सहाला निघालो, पाऊस होताच, बाणस्तारीच्या पुलावर वायपर जोरात लावावे लागले.